घरच्या घरी जुन्या वळणाचे कुरळे केस : एका संध्याकाळपुरते की सहा महिन्यांचे?



गणेशोत्सवातल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या की दोन प्रश्न हमखास येतात : साडी कोणती, आणि केसांचे काय? साडीचा प्रश्न सुरतेत राहणाऱ्यांनी विचारायचाच नाही. केसांचा प्रश्न मात्र खरा आहे. १९४०-५० च्या काळातली शहरी नायिका उभी करायची, तर कपाळावर केसांची एक लाट, कानाशी वळलेली बट आणि मानेवर गोल वळणारे केस हवेत. नाच बसवणाऱ्या ताई सांगून मोकळ्या होतात, "केस कुरळे करून या." मग घरोघरी विचारणा सुरू होते. पर्मचा संच मागवून घरीच लावला तर? मेंदी लावलेल्या केसांना चालेल का? मुलीचे केस मागच्या वर्षी सरळ करून घेतलेत, आता कुरळे होतील का?

या सगळ्यांना एकदाच नीट उत्तर द्यावे म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे : एका संध्याकाळसाठी केसांना रसायन लावू नका. पाणी, वाटीभर जवसाचा गर, मूठभर पिना आणि एक रात्र एवढ्यात काम होते. महिनोन्‌महिने टिकणारे कुरळे केस हवे असतील तर तो वेगळा निर्णय आहे. तो कार्यक्रमाच्या घाईत घेऊ नये. दोन्हींत नेमका फरक काय, हे आधी पाहू.

केस वळतो कसा?

सुती साडीवर पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवली की घडी बसते. तीच साडी पावसाळी हवेत दिवसभर नेसली की घडी मोडते. केसाचेही तसेच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि त्याच्या धाग्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध दोन मुख्य प्रकारचे असतात. पहिले हायड्रोजन बंध. ते नाजूक, पण संख्येने पुष्कळ. केस ओला झाला की ते सुटतात, वाळला की पुन्हा जुळतात. ओला केस बोटाभोवती गुंडाळून तसाच वाळू दिला तर बंध त्या गोल आकारातच जुळतात. रात्री घट्ट वेणी घालून झोपले की सकाळी केसांना लाटा दिसतात, त्या यामुळेच. पुन्हा पाणी लागले की सारे पूर्ववत.

दुसरे बंध गंधकाचे. केस जळला की जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचा वाटा असतो. हे बंध पाण्याने सुटत नाहीत. तुमचे केस जन्मतः सरळ असोत की कुरळे, धुतल्यावर पुन्हा मूळ रूपावर येतात, त्यात या बंधांचा मोठा वाटा आहे. पर्म करताना रसायनाने यांतले बरेच बंध उसवायचे, केस रॉडवर नव्या आकारात बसवायचा आणि दुसऱ्या रसायनाने ते बंध पुन्हा शिवायचे. शिवण उसवून पुन्हा घातली तरी कापड पहिल्याइतके मजबूत राहत नाही, हे शिवणकाम करणाऱ्यांना सांगायला नको. केसही तसाच.

पर्म आला कुठून?

१८७२ च्या सुमारास पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो यांनी तापवलेल्या चिमट्याने केसांत लाटा पाडायला सुरुवात केली. त्या धुईपर्यंतच टिकत. १९०५ मध्ये कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने लंडनमध्ये टिकाऊ लाटांचे प्रात्यक्षिक दाखवले. केसांना अल्कधर्मी द्रव लावायचा, ते धातूच्या जड दांड्यांवर गुंडाळायचे आणि विजेने तापवायचे, अशी ती पद्धत होती. एका बैठकीला कित्येक तास लागत. पहिले प्रयोग त्यांनी पत्नीच्याच केसांवर केले आणि त्यांत तिचे केस जळाले, असे सांगतात. १९२८ मध्ये अमेरिकेत मार्जोरी जॉयनर या कृष्णवर्णीय केशकार बाईंना अनेक दांड्या एकदम तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले.

१९३८ च्या सुमारास यंत्राची उष्णताच नको अशी 'कोल्ड वेव्ह' पद्धत आली. आजचा नेहमीचा पर्म तिचाच वारस. १९४० च्या दशकात अमेरिकेत 'टोनी' नावाचा घरी वापरायचा संच इतका खपला की १९४८ मध्ये जिलेट कंपनीने तो धंदाच विकत घेतला. म्हणजे घरच्या घरी पर्म ही कल्पना पाऊणशे वर्षांहून जुनी आहे.

पण त्या काळातल्या ज्या लाटा आपण फोटोंत पाहतो, त्या नुसत्या पर्मने होत नसत. पर्म केलेल्या बाईलाही रात्री पिना लावून केस 'बसवावे' लागत आणि सकाळी विंचरून त्यांना आकार द्यावा लागे. जुने रूप येते ते या बसवण्यातून आणि विंचरण्यातून. आपल्याला नेमके तेच हवे आहे.

पद्धत पहिली : पिनांची वेटोळी

खांद्यापर्यंतच्या किंवा थोड्या लांब केसांना ही पद्धत सर्वांत चांगली. साहित्य : बारीक शेपटीचा कंगवा, केसांच्या काळ्या पिना, पातळ सुती ओढणी किंवा केसांची जाळी, आणि जवसाचा गर. साधारण २५ ते ३० वेटोळी होतात आणि प्रत्येकाला २ पिना लागतात, म्हणून पिनांची २-३ पाकिटे आणून ठेवा. चौटा बाजारात पिना आणि जाळ्या सहज मिळतात.

जवसाचा गर असा करायचा : पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर उकळा आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत पाणी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे चिकट होते. गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळा. गार झाले की गळत नाही. बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. वास बदलला की टाकून द्या. बाजारातली जेलही चालेल. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केस बसवायच्या द्रवांत अशाच चिकट बियांचा आणि डिंकाचा वापर होत असे, त्यामुळे आपले जवसही काळाला धरूनच आहे.

आता कृती.

१. आदल्या दिवशी संध्याकाळी केस धुवा. तेल अजिबात नको आणि कंडिशनर अगदी थोडा, फक्त टोकांना. टॉवेलने टिपून केस अर्धेअधिक वाळू द्या. ओले केस बांधून झोपू नये असे आजी सांगते ते बरोबरच आहे. निथळते केस गुंडाळले तर सकाळपर्यंत वाळतच नाहीत आणि वळणही बसत नाही. हाताला ओलसर लागतील इतकेच ओले हवेत.

२. भांग ठरवा. जुन्या वळणात तो बहुधा एका बाजूला असतो. मग साधारण अडीच सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोनी भाग उचला, विंचरून गुळगुळीत करा आणि बोटावर थोडा गर घेऊन मुळापासून टोकापर्यंत लावा.

३. टोकापासून सुरुवात करून बट बोटाभोवती गोल गुंडाळत डोक्यापर्यंत आणा. वेटोळे चकलीसारखे सपाट बसले पाहिजे आणि टोक आतल्या बाजूला राहिले पाहिजे. टोक बाहेर राहिले तर वाळल्यावर ते काट्यासारखे उभे राहते. दोन पिना एकमेकींना छेदून लावा.

४. कपाळाजवळच्या ओळीत सगळी वेटोळी एकाच दिशेने वळवा, त्याच्या खालच्या ओळीत उलट दिशेने. लाट पडते ती या आलटून-पालटून दिशांमुळे. मागचे केस आतल्या बाजूला वळतील असे गुंडाळा. डोक्यामागे आपला हात नीट पोचत नाही, तिथे बहिणीची, जावेची किंवा शेजारणीची मदत घ्या.

५. वरून सुती ओढणी बांधा आणि झोपा. सकाळी एक वेटोळे सोडून पाहा. आत किंचितही गारवा लागला तर ते परत लावा आणि ड्रायरची कोमट हवा द्या. त्यानंतर केस पूर्ण गार होईपर्यंत पिना काढू नका.

६. पिना काढल्यावर डोके मेंढीच्या लोकरीसारखे दिसते. घाबरू नका! पुष्कळ जणी इथेच थांबतात, म्हणून केस आजच्या धाटणीचे दिसतात. जुने रूप पुढच्या पायरीत आहे. मऊ ब्रशने सगळे केस खालपर्यंत विंचरा, अगदी निर्धास्तपणे. सुट्या बटा एकमेकींत मिसळतात आणि लाटा तयार होतात. मग तळहातावर खोबरेल तेलाचा एकच थेंब चोळून वरून हात फिरवा आणि कपाळावरची लाट दोन बोटांच्या चिमटीत धरून उठावदार करा.

लांब केसांसाठी चिंध्या

कमरेपर्यंतचे केस पिनांच्या वेटोळ्यांत मावत नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या सुती साडीच्या, दोन बोटे रुंद आणि वीतभर लांब चिंध्या काढा. सुरतेत राहून घरात सुती साडी शोधावी लागते हे खरे, पण इथे सिंथेटिक कापड चालत नाही. ते पाणी शोषत नाही आणि केसांवरून निसटते. बटेचे टोक चिंधीच्या मध्यावर ठेवायचे, वर गुंडाळत न्यायचे आणि चिंधीची दोन टोके बांधून गाठ मारायची. झोपताना काही टोचत नाही, म्हणून लहान मुलींसाठीही हीच पद्धत उत्तम. सकाळी सोडून विंचरले की मोठ्या, सैल लाटा मिळतात. मागचे केस अंबाड्यात बांधून फक्त पुढच्या लाटा दाखवल्या तरी रूप पूर्ण होते.

हजीऱ्याच्या हवेचे काय?

आपण तापीच्या मुखाशी, खंबातच्या आखातावर राहतो. भाद्रपदात हवेत ओल भरपूर असते, आणि पाण्याने बसवलेले वळण ओलीनेच सुटते. त्यामुळे एक नियम पाळा : वेटोळी घरी सोडू नका. ओढणी डोक्याला तशीच बांधून कार्यक्रमाच्या जागी या आणि रंगमंचावर जाण्याआधी साधारण पाऊण तास पिना काढा. स्कूटरवर येणाऱ्यांनी तर हा नियम मोडूच नये. विंचरून झाल्यावर हेअर स्प्रे हातभर अंतरावरून मारा. देवापुढचे निरांजन, गॅस, उदबत्ती जवळ असताना कधीही मारू नका, कारण स्प्रे पेट घेतो.

ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते, त्यांनी शेवटचे खळबळणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याच्या तांब्याने करावे. जड पाण्यातले क्षार केसांवर राहिले की केस राठ होतात आणि वेटोळे गुळगुळीत बसत नाही.

पद्धत दुसरी : रासायनिक पर्म

ज्यांना कार्यक्रमापुरते नव्हे, तर खरोखरच काही महिने कुरळे केस हवेत, त्यांच्यासाठी हा भाग. नेहमीच्या पर्मच्या पहिल्या बाटलीत बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असते. त्यातल्या अमोनियाचा वास आपल्या भागात वेगळा सांगायला नको. युरियाच्या कारखान्यांत हाच वायू कच्चा माल असतो. थायोग्लायकोलेटचे भाऊबंद केस काढायच्या क्रीममध्येही असतात. ते क्रीम अधिक तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे तिथे केस विरघळून निघतो, इथे तो मऊ पडून वळतो. दोन्हींतला फरक तीव्रतेचा आणि वेळेचा आहे. घड्याळाकडे दुर्लक्ष झाले की काय होऊ शकते, याची कल्पना यावरून यावी.

आधी, कोणी करू नये :

- रिबॉण्डिंग किंवा स्मूदनिंग करून केस सरळ केलेल्यांनी. त्यांचे गंधकाचे बंध एकदा उसवून शिवलेले आहेत. पुन्हा उसवले तर केस मधूनच तुटतात. सरळ केलेला भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबा.
- ब्लीच केलेल्यांनी, आणि नुकताच रंग लावलेल्यांनी.
- मेंदी लावणाऱ्यांनी, विशेषतः ती लोखंडी कढईत भिजवत असाल तर. थायोग्लायकोलेट लोखंडाशी मिळून जांभळट रंग देते, आणि दुसऱ्या बाटलीतले पेरॉक्साइड धातूच्या क्षारांबरोबर तापते. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांतही असे क्षार असतात.
- डोक्यावर जखम, पुरळ किंवा सोरायसिस असणाऱ्यांनी. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- लहान मुलींना तर मुळीच करू नये.

यांत बसत नसाल तरी दोन चाचण्या आधी हव्यातच. पहिली त्वचेची : कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर द्रव, वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे, आणि पुढचे ४८ तास खाज किंवा लाली येते का ते पाहणे. दुसरी केसाची : मानेजवळची एक बट गुंडाळून पूर्ण कृती तिच्यावर करणे. ओला केस हळूच ताणून पाहा. किंचित लांबून परत आखडला तर ठीक. रबरासारखा लांबतच गेला किंवा तुटला, तर तिथेच थांबा.

प्रत्यक्ष कृतीला दोघी हव्यात, एकटीने करू नये. खिडक्या उघड्या, पंखा चालू, हातमोजे घातलेले. भांडी आणि चाप प्लास्टिकचे घ्या, धातू नको. कपाळाच्या कडेने व्हॅसलिन लावून त्यावर कापसाची पट्टी बसवा. ती द्रवाने भिजली की लगेच बदला, नाहीतर तिथली त्वचा भाजते. केस रॉडवर गुंडाळताना प्रत्येक बटेच्या टोकाला पातळ कागद लावा आणि बट ताणू नका, कारण ओला केस वाळताना आखडतो. द्रव डोक्याच्या त्वचेवर ओघळू न देता रॉडवर लावा. वेळ वेष्टनावर दिलेली असते तेवढीच. त्याआधीच दर काही मिनिटांनी एक रॉड दीड वेढा सोडून पाहा. केसाला इंग्रजी 'एस'सारखे स्पष्ट वळण दिसले की पुरे.

मग रॉड न काढता किमान ५ मिनिटे कोमट पाण्याने धुवा आणि टॉवेलने दाबून पाणी टिपा. पुष्कळांची घाई इथे होते. द्रव आत राहिला तर केस उसवतच राहतो, आणि पाणी न टिपता दुसरी बाटली लावली तर ती पातळ होऊन शिवण कच्ची राहते. दुसरी बाटली सांगितलेला पूर्ण वेळ ठेवा, नंतर रॉड हळूच काढा आणि पुन्हा धुवा. पुढचे ४८ तास शाम्पू नको, घट्ट वेणी नको. द्रव डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि डॉक्टर गाठा.

एवढे करूनही मुळाशी नवा येणारा केस मूळच्या वळणाचाच असतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत वर सहा-सात सेंटिमीटर सरळ आणि खाली कुरळे असे दिसू लागते. आणि पर्म केला तरी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जुन्या लाटांसाठी पिना लावाव्या लागतातच!

ज्यांचे केस वळतच नाहीत त्यांचे काय?

रिबॉण्डिंग केलेले केस पाण्याने वळतात, पण लवकर उलगडतात. अशांसाठी आपल्या रंगभूमीकडे जुना उपाय आहे : गंगावन. स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत होते त्या काळापासून मराठी नाटकाचे केस टोप आणि गंगावनांवर चालले. खऱ्या केसांचे गंगावन असेल तर तेही याच पद्धतीने, पिनांनी किंवा चिंध्यांनी वळवता येते. पुढचे स्वतःचे केस चापून बसवा, मागे वळवलेले गंगावन आकड्यांनी लावा आणि जोड झाकायला गजरा माळा. केसाला इजा नाही आणि पुढच्या वर्षीही उपयोगी.

तयारीचे वेळापत्रक

कार्यक्रमाच्या १५ दिवस आधी एकदा सुट्टीच्या दिवशी पूर्ण कृती करून पाहा. आपल्या केसांना वाळायला किती तास लागतात ते त्यातून कळते. आदल्या दिवशी सकाळी जवसाचा गर करा, संध्याकाळी केस धुवा, रात्री नऊपर्यंत वेटोळी घालून मोकळ्या व्हा. कार्यक्रमाच्या दिवशी ओढणी बांधूनच या आणि स्वतःचा ब्रश, कंगवा आणा. पिना, जाळ्या, आकडे यांची एक जास्तीची पेटी आम्ही पडद्यामागे ठेवू. कंगवे मात्र एकमेकींचे वापरायचे नाहीत.

आणि मुलींच्या आयांना विनंती. मुलगी पर्मचा हट्ट धरून बसली असेल, तर आधी एक रात्र तिच्या केसांना चिंध्या बांधून पाहा. सकाळी आरशात लाटा पाहिल्या की पुष्कळदा हट्ट तिथेच संपतो. दुसऱ्या दिवशी केस धुतले की शाळेसाठी नेहमीच्या दोन वेण्या घालायला ती मोकळी.